पांढरीतला वाडा, काळीतलं घर

मुंबई-आग्रा रस्त्यानं नाशिक सोडलं की वीसेक किलोमीटरवर ओझर लागतं. बाणगंगेच्या काठचं हे गाव देशाला माहीत आहे ते विमानांमुळे. १९६२ साली भारतानं सोव्हिएत संघाशी मिग-२१ विमानांचा करार केला, १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना इथं उभा राहिला आणि गावाच्या नावाला ‘मिग’ कायमचं चिकटलं. निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याच्या मनात मात्र ओझरचं नाव त्याच्या बऱ्याच आधीपासून दुसऱ्या एका गोष्टीशी जोडलेलं आहे. १९२५ च्या सुमारास इथल्या रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी खाण्याच्या द्राक्षांची बाग उभी केली. नाशिकच्या द्राक्षशेतीचा आरंभ त्यांच्यापासून सांगितला जातो.

या बागायतीनं शेतीचा नकाशा बदलला, हे पुष्कळदा लिहिलं गेलं आहे. तिनं घराचा नकाशाही बदलला, याकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही. ओझर, पिंपळगाव बसवंत, सुकेणे, चांदोरी या पट्ट्यात आजही दोन तऱ्हांची घरं शेजारी शेजारी दिसतात. गावठाणात दगडी जोत्याचा, उंच भिंतींचा, बाहेरून जवळजवळ आंधळा असा जुना वाडा. आणि गावाबाहेर, वेलींच्या मांडवाला लागून, चारी बाजूंनी खिडक्या असलेला बंगला. अनेकदा दोन्ही एकाच भावकीची. एकाला कुलूप लागलेलं, दुसऱ्यात वर्दळ. या दोन घरांमधलं अंतर एक-दोन किलोमीटरचं असतं. ते ओलांडायला शेतकऱ्याला शंभर वर्षं लागली.

जगात इतरत्र मळेवाल्यांच्या घरांचा इतिहास वेगळा आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या मळ्यांमध्ये पांढऱ्या खांबांच्या हवेल्या उभ्या राहिल्या, त्या गुलामांच्या श्रमावर. बिहारमध्ये निळीच्या कोठ्या होत्या; चंपारणमध्ये १९१७ साली गांधीजी गेले ते त्या कोठीवाल्यांच्या जुलमाची चौकशी करायला. कोडगूच्या कॉफीच्या डोंगरांत आणि आसामच्या चहाच्या मळ्यांत गोऱ्या मालकांचे बंगले झाले. नाशिकच्या काळ्या जमिनीत असे गोरे मळेवाले रुजले नाहीत. १८१८ मध्ये पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी दख्खनमध्ये रयतवारी लावली. जमिनीचा सारा थेट शेतकऱ्याच्या नावावर बसला. त्यामुळे इथलं बागायती घर उभं राहिलं ते गावातल्याच पाटील, देशमुख, वतनदार आणि कष्टाळू कुणब्याच्या हातून. त्याचं मूळ वाड्यात आहे.

मराठी गावाची जुनी विभागणी काळी आणि पांढरी अशी. काळी म्हणजे पिकाऊ जमीन, पांढरी म्हणजे गावठाण. शेतकरी दिवसभर काळीत राबायचा आणि दिवेलागणीला पांढरीत परतायचा. वस्ती एकवटलेली, कारण काळ लुटालुटीचा होता. मुंबई-आग्रा रस्ता हा जुना व्यापारी मार्ग. त्यावरून माल जायचा तशा फौजाही जायच्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी पेंढाऱ्यांच्या धाडींनी हा मुलूख होरपळला. ज्याच्या घरात धान्य आणि चांदी, त्याच्या घराला भिंत जाड हवी, दार मजबूत हवं आणि बाहेर उघडणारी खिडकी शक्यतो नकोच. वाड्याचा सारा आराखडा या गरजेतून निघाला.

या पट्ट्यातले मोठे वाडे सरदारांचे. विंचूरला विंचूरकरांचा वाडा. त्या घराण्याचे विठ्ठल शिवदेव १७६१ मध्ये पानिपतात होते. चांदवडला, त्याच आग्रा रस्त्यावर, होळकरांचा रंगमहाल: लाकडी खांबांचे चौक, रंगवलेल्या भिंती आणि किल्ल्यासारखी तटबंदी. नाशिकच्या सराफ बाजारातला पेशव्यांचा सरकारवाडा तर शहराच्या मध्यभागी आहे. गावच्या पाटलानं वाडा बांधला तेव्हा डोळ्यांसमोर हे नमुने होते, पण हातात पैसा बेताचा होता. म्हणून त्यानं सरदाराच्या वाड्यातलं आवश्यक तेवढं घेतलं आणि बाकीची जागा पिकाला दिली.

असा वाडा कसा उभा राहायचा, ते पाहण्यासारखं आहे. खाली घडीव काळ्या दगडाचं जोतं, पुरुषभर उंचीपर्यंत दगडी भिंत, त्यावर विटांचं किंवा पांढऱ्या मातीचं काम. भिंती जाड असल्या तरी घराचा भार बराचसा लाकडी सांगाड्यावर असायचा. दगडी तळखड्यावर सागवानी खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर किलचणं बसवायची आणि त्यावर मातीचा जाड थर घालून धाबं करायचं. सागवान पश्चिमेकडून, पेठ-सुरगाण्याच्या जंगलांतून यायचं. घराचं माप फुटांत सांगत नसत, खणांत सांगत. दोन खांबांमधला गाळा म्हणजे एक खण, आणि गावात कुणाची ऐपत किती हे त्याचं घर किती खणांचं यावरून कळायचं. पावसाळ्याच्या तोंडावर धाब्यावर खारवट पांढऱ्या मातीचा नवा थर चढवायचा, म्हणजे पाणी मुरत नसे. ज्या वर्षी हे राहून जाई, त्या वर्षी घर गळे.

दर्शनी दरवाजा दोन फळ्यांचा, मालानं भरलेली बैलगाडी आत येईल एवढा रुंद. त्याच फळीत माणसापुरती छोटी दिंडी. रात्री मोठ्या दाराला भिंतीत सरकणारा लाकडी अडसर. आत शिरल्यावर देवडी, मग पहिला चौक. चौकाभोवती ओसरी, तिथं गावकीची बैठक बसे, सारा-वसुलीची बोलणी होत. त्यामागे माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि बाळंतिणीची अंधारी खोली. बायकांचं जग याच मागच्या भागात होतं: जातं, उखळ, चूल आणि परसातला आड. बाहेर न उघडणारं घर बायकांना किती कोंडून ठेवत असेल, याचा विचार वाड्याच्या कौतुकात हरवू नये.

खांबांवर मात्र मालकाची हौस दिसते. पेशवाईतले सुरूच्या घाटाचे खांब, त्यांच्या डोक्यावरची केळफुलं, तुळईखालचे कोरीव हस्त, भिंतीतल्या कमानदार देवळ्या. साध्या पाटलाच्या घरातही निदान ओसरीचा पहिला खांब तरी कोरलेला असे. पाहुणा बसायचा तो त्याच्याच समोर.

पण वाड्याचं खरं हृदय होतं ते साठवणीत. ज्वारी, बाजरी, गहू, हरभरा ही वर्षभर टिकणारी पिकं. खळ्यावर बलुतेदारांचा वाटा दिल्यावर उरलेलं धान्य घरात यायचं आणि कणग्यांत, बळदांत, तळघरात जायचं. शेणानं सारवलेल्या कणगीत लिंबाचा पाला घालून धान्य ठेवायचं. बळद भिंतींच्या आड असे. वरून भरायचं, खालच्या तोंडातून काढायचं. बाहेरच्या माणसाला त्याचा पत्ता लागत नसे. अडचणीच्या वर्षी घर या बळदावर तगे, उसनं धान्य देणारा मालक याच बळदाच्या जोरावर गावात मान मिळवी, आणि त्याच जोरावर गरिबाला सवाई-दिढीनं बांधूनही ठेवी. टिकणारं पीक म्हणजे साठवता येणारी सत्ता. वाडा हे त्या सत्तेचं कोठार होतं.

हे कोठार रेल्वेनं उघडं केलं. १८६५ मध्ये थळघाटातून रेल्वे वर आली आणि मुंबई या मुलुखाला जवळ झाली. खेरवाडी, कसबे सुकेणे, निफाड, लासलगाव ही स्थानकं याच मार्गावरची. १८६९ मध्ये मुंबईत क्रॉफर्ड मार्केट बांधून झालं, आजची महात्मा फुले मंडई. शहराला रोज ताजी फळं-भाजी लागत होती आणि आता ती एका रात्रीत पोचवता येत होती. पाण्याचीही सोय होत होती. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी नोंदींत कादवेवरच्या पालखेडबरोबर बाणगंगेवरच्या ‘ओझर तांबट’ कालव्याचं नाव येतं. पुढे १९११ पर्यंत नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आणि १९१६ पर्यंत दारणा धरण झालं. नाशवंत माल पिकवून पैसा करता येईल, अशी परिस्थिती प्रथमच जुळून आली.

द्राक्ष दख्खनला अगदी नवं नव्हतं. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला तेव्हा तिथली द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, याची त्यानं नोंद केली. थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते. इथं तिला झोप नाही, ती फुटतच राहते. म्हणून तिला छाटणीनं वळण लावावं लागतं. आजचा बागायतदारही वर्षातून दोनदा छाटतो: एप्रिलमध्ये खरड छाटणी, काडी तयार व्हावी म्हणून, आणि ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी, फळासाठी. घड मात्र एकदाच घेतो.

गायकवाडांच्या काळातली बाग आजच्यासारखी दिसत नव्हती. वेली पांगाऱ्याच्या जिवंत खुंटांवर चढवलेल्या असत. पांगारा लवकर वाढतो, सावली छाटून आवरता येते, आणि त्याला विकत काही आणावं लागत नाही. भोकरी, फकडी, हबशी, साहेबी ही त्या वेळची वाणं, बहुतेक बियांची. पाणी विहिरीचं, मोटेनं काढलेलं. केवडा रोगाला मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण. ते मूळचं फ्रान्समधल्या बोर्दो भागातलं. १८८५ मध्ये तिथल्या मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याचा उपयोग जगापुढे मांडला आणि ‘बोर्डो’ या नावानं ते नाशिकच्या शेतकऱ्याच्या तोंडी कायमचं बसलं.

या पिकानं घराला पहिला धक्का दिला तो असा: द्राक्ष बळदात ठेवता येत नाही. तोडलं की काही तासांत पेटीत आणि पेटीतून गाडीत गेलं पाहिजे. वर्षभराची कमाई घराच्या भिंतीआड येतच नाही, ती वेलीवरून थेट बाजाराला जाते. मग जाड भिंती, तळघर, अडसर यांचं काम काय उरलं? दुसरा धक्का याहून मोठा. ज्वारी पेरली की शेतकरी चार दिवस गावात थांबू शकतो. द्राक्षबाग त्याला थांबू देत नाही. पाऊस शिंपडून गेला की लगेच फवारणी. डोळे फुटले की विरळणी. निफाड हे हिवाळ्यात राज्यात पारा सगळ्यात खाली जाणाऱ्या ठिकाणांपैकी. पारा असा उतरला की मणी तडकतात, म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या, वेलींना रात्रीचं पाणी द्यायचं. असं पीक दूर राहून सांभाळता येत नाही.

मळ्यात आधीपासून एक खोप असायचीच. मोटेची धाव, थारोळं, बैलांची छपरी आणि राखणीला माणूस. घर मात्र गावातच. तेलाचं इंजिन आलं, नंतर विजेची मोटर आली, तेव्हा खोपीच्या जागी मोटारीची पक्की खोली झाली. वीज रात्रीची मिळू लागली तशी त्या खोलीत खाट आली, खाटेमागून चूल आली. आधी एक भाऊ राहायला गेला, मग त्याचं कुटुंब. शाळा, दळण, देव गावातच राहिले, पण रोजचं जगणं काळीत उतरलं. नकाशावर पाहिलं तर ओझरभोवती आज शेकडो वस्त्या विखुरलेल्या दिसतात. त्यांतल्या बऱ्याच वस्त्यांची सुरुवात अशा एका मोटारीच्या खोलीनं झाली.

वाड्याखालची जमीनही त्याच काळात सरकत होती. १ एप्रिल १९५७, कृषक दिन, या दिवशी कूळकायद्यानं कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली. १९६१ मध्ये कमाल जमीनधारणेचा कायदा आला. १९६२ च्या कायद्यानं पाटलांचं वतन संपलं. खंडाचं धान्य वाड्यात येणं थांबलं आणि देवडीवर माणूस बसवायचं कारणही गेलं. वाटण्यांमध्ये चौकाचे तुकडे झाले. एका खांबाच्या दोन बाजूंना दोन चुली पेटल्या. कारभाराचं घर म्हणून वाडा संपला तो याच दहा-पंधरा वर्षांत. द्राक्षबागायतदारांचा राज्यव्यापी संघ पुण्यात उभा राहिला, तोही याच सुमारास. हैदराबादकडून अनाब-ए-शाही आलं, नंतर बिनबियांचं थॉमसन सीडलेस आलं आणि चार-पाच एकरांच्या धन्यालाही बागेवर घर बांधता येईल एवढा पैसा हाती येऊ लागला.

पांगाऱ्याच्या खुंटांची जागा लोखंडी अँगल आणि तारांच्या मांडवानं घेतली, पुढे वाय आकाराचा सांगाडा आला. बागेतली इमारतही बदलली. आजच्या बागायती घराचे भाग मोजले तर वाड्यातला एकही भाग त्यांत जुन्या रूपात सापडत नाही. चौकाच्या जागी पॅकिंग शेड: उंच पत्र्याचं छप्पर, मोकळ्या बाजू, गुळगुळीत फरशी, ट्रक पाठीमागून लागेल असा ओटा. बळदाच्या जागी फवारणीच्या औषधांची वेगळी, कुलूपबंद खोली. देवडीच्या जागी ठिबकचे व्हॉल्व्ह आणि फिल्टर. आणि बैठकीच्या खोलीत फायलींचं कपाट. २०१० मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचा अंश सापडला, माल अडकला आणि निर्यातदार-शेतकऱ्यांना मोठा फटका बसला. तेव्हापासून निर्यातीच्या बागेत फवारणीची नोंदवही हा पिकाइतकाच जपायचा ऐवज झाला. प्लॉटचा नोंदणी क्रमांक, उर्वरित अंशाचा तपासणी अहवाल, तोडीची तारीख. निर्यातीचा माल तोडल्यावर काही तासांत पूर्वशीतनाच्या खोलीत जातो, तिथं त्याचं तापमान चार अंशांच्या आसपास आणतात, आणि पुढे शून्याजवळच्या थंडीत तो समुद्रापार जातो. द्राक्षाची खरी साठवण आता घरापासून दूर, गारठलेल्या खोल्यांत आणि कंटेनरमध्ये होते.

याच निफाड तालुक्यात दुसऱ्या एका पिकानं स्वतःची वेगळी इमारत घडवली, आणि ती पाहिल्यावर पिकानं घर घडतं हे आणखी स्पष्ट होतं. लासलगावची बाजारपेठ कांद्याची. उन्हाळ कांदा चार-पाच महिने टिकतो, पण त्याला कोंदट बळद चालत नाही, वारा लागतो. म्हणून कांदाचाळ: जमिनीपासून उचललेला तळ, फटींच्या भिंती, वर पत्रा, रुंदी बेताची, म्हणजे मधल्या कांद्यालाही हवा मिळावी. धान्याच्या भिंती बंद, कांद्याच्या भिंती जाळीदार, आणि द्राक्षाच्या शेडला भिंतीच नाहीत. ओझर ते लासलगाव या रस्त्यावर या तिन्ही इमारती एका दुपारी पाहता येतात.

यात आणखी एक घर आहे, ज्याचा उल्लेख बागायतीच्या यशोगाथांत क्वचितच येतो. छाटणी, विरळणी, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं), तोडणी या कामांना घरची माणसं पुरत नाहीत. गोडी छाटणीच्या सुमाराला पेठ, सुरगाणा, कळवण, दिंडोरीच्या आदिवासी पाड्यांवरून टोळ्या येतात. बायका-पुरुष जोडीनं, लेकरांसह. मुक्काम कधी शेडच्या कडेला, कधी पत्र्याच्या खोलीत, कधी ताडपत्रीखाली. जगभरच्या मळेवाल्यांच्या घरांचा इतिहास आता मजुरांच्या झोपड्यांसह लिहिला जातो. अमेरिकेत हवेल्यांच्या बरोबरीनं गुलामांच्या खोल्या जपल्या जाऊ लागल्या आहेत. इथले मजूर मोकळे आहेत, मजुरी ठरवून घेतात, न पटल्यास दुसऱ्या बागेला जातात, ही फार मोठी तफावत आहे. तरी ज्या पेठ-सुरगाण्यातून एके काळी वाड्याचं सागवान आलं, तिथूनच आज बागेचे हात येतात, आणि दोन्ही वेळा घर ओझर-पिंपळगावला उभं राहतं, ही गोष्ट नोंदवायलाच हवी. काही बागायतदारांनी मजुरांसाठी पाणी, संडास आणि दिव्यांसह पक्क्या खोल्या बांधल्या आहेत. बागायती घराचा आराखडा पूर्ण व्हायचा तर त्या खोल्या त्यात हव्यात.

पाण्याची गोष्टही घराशी बांधलेली आहे. वाघाड धरणाच्या कालव्याचं पाणी शेपटाकडच्या ओझरपर्यंत पोचत नव्हतं. समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र केलं आणि १९९०-९१ च्या सुमारास महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर या पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यायचं, पट्टी स्वतः गोळा करायची, वाटप स्वतः ठरवायचं. पुढे पूर्ण प्रकल्पच शेतकऱ्यांच्या हाती आला, आणि राज्यानं २००५ मध्ये सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला तेव्हा ओझरचं उदाहरण देशभर सांगितलं जात होतं. वाड्याच्या काळात पाण्याचा आणि साऱ्याचा निवाडा एका ओसरीवर होई. आता तो संस्थेच्या सभेत होतो. मळ्यांवर विखुरलेल्या घरांना पुन्हा एकत्र बसवणारी ही नवी बैठक आहे.

गावठाणातल्या वाड्यांचं पुढे काय, हा प्रश्न तातडीचा आहे. नाशिकचा सरकारवाडा राज्य पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे; चांदवडच्या रंगमहालाची दुरुस्ती झाली. सरदारांच्या वास्तूंना निदान नाव आहे. शेतकऱ्याच्या वाड्याला कुणी वाली नाही. धाब्यावर माती टाकणारा माणूस राहिला नाही, की दोन पावसाळ्यांत कड्या कुजतात. मग जुनं सागवान विकलं जातं, कोरलेले खांब दूरच्या शहरांतल्या हॉटेलांत आणि शेतघरांत शोभेला जातात, दगड कुंपणाला लागतो. वाडा एकदा उतरवला की त्याच्या खणांचा हिशेब, बळदाची जागा, चुलीची दिशा, हे सगळं त्याच्याबरोबर जातं.

प्रत्येक वाडा जपणं कुणाच्याही ऐपतीत नाही आणि मालकांवर ती सक्ती करणं न्यायाचंही नाही. मोजणी मात्र करता येते. नाशिकमध्ये वास्तुशास्त्राची महाविद्यालयं आहेत. एका उन्हाळ्यात एक गाव घेतलं, तरी विद्यार्थी जोतं ते धाबं सगळी मापं कागदावर आणू शकतील. ज्या आज्ज्यांनी या वाड्यांत जातं ओढलं आणि नंतर मळ्यातल्या खोलीत पहिली चूल मांडली, त्या अजून काही घरांत आहेत. वाड्यात कोणती खोली कशासाठी होती आणि मळ्यात यायचं कुणी ठरवलं, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणीच सांगू शकणार नाही. ओझर आता नगरपरिषदेचं गाव झालं आहे, गावठाणात नव्या इमारतींचे आराखडे मंजूर होत आहेत. जुना वाडा पाडायची परवानगी देण्याआधी त्याचा नकाशा आणि छायाचित्रं दप्तरी जमा करून घ्यायची, एवढा एक ठराव नगरपरिषदेनं केला, तरी या पट्ट्याच्या शंभर वर्षांच्या स्थलांतराची साधनं पुढच्या अभ्यासकाच्या हाती राहतील.